मोरीतल्या मुंग्या

अन्याय झाला तो आमच्या गल्लीतल्या शिलाईवाल्या खालावर. कधी, तेही सांगतो. गेल्या दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी, मोताळा तालुक्यातल्या आमच्या गावातल्या एका खासगी दवाखान्यात, रक्ताचा थेंबही न तपासता तिला सलाईन लावली तेव्हा.

खाला म्हणजे मावशी, पण माझी नात्यातली नव्हे, भिंतीला भिंत लागून घर. आमच्या मोर्चाचे कापडी फलक तीच शिवायची. “नेताजी, फलक तिरपा झाला तं तुमची क्रांती बी तिरपीच जाईन,” म्हणून मला चिडवायची. त्या दिवाळीत मात्र फलक अर्धाच राहिला. सुईत दोरा जाईना. खाला चष्म्याला शिव्या द्यायची, तांब्यावर तांब्या पाणी प्यायची, सारखी मोरीकडे उठायची. मोरीत मुंग्या लागायच्या. सून त्यांच्यावर हळद टाकायची.

सोमवारी तिला उभंच राहवेना. मी गाडीवर बसवून नेलं. आमच्याकडे कमजोरी आली की सलाईन, आणि त्यातही पिवळी म्हणजे ताकदीची, हे लहान पोरालाही माहीत.

“डॉक्टरसाहेब, पिवळी लावा. सादी नोको.”

“पिवळीच लावतो, खाला.”

मी विचारलं, “रक्त नाही तपासायचं का?”

“तू पत्रकं वाट बे. मले दवाखाना चालवू दे.”

बाकड्यावरचे लोक हसले. खालाही हसली. माझ्या डोळ्यांसमोर ती पिवळी बाटली थेंब थेंब तिच्या अंगात उतरली. आत ग्लुकोज होतं. साखर!

दुसऱ्या दिवशी ती बरळू लागली. मलकापूरला नेलं. तिथल्या नर्सबाईनं बोटाला सुई टोचली, तर साखर इतकी की यंत्रावर आकडाच येईना. डॉक्टरीणबाईंनी सुनेला विचारलं, “तहान लागायची? लघवीला सारखं जायच्या? मोरीत लघवीच्या जागी मुंग्या यायच्या?”

“हाव. लय मुंग्या. आम्ही हळद टाकत होतो.”

बाईंनी यंत्राकडे पुन्हा पाहिलं. मग म्हणाल्या, “कोणीच तपासलं नाही का हो?”

बुलढाण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला गाडी मागवली. गाडी येण्याआधी खाला गेली.

तो फलक मी घरी आणलाय. अर्ध्या कडेला तिची टीप आहे, पुढे कापड मोकळं. दुसऱ्या कुणाला शिवायला द्यायचं मन होत नाही.

मधुमेह काही दुर्मीळ रोग नाही. बोटाला एक टोच, घोटभर चहा पिऊन होईस्तोवर कळतं. तेवढंही खालाच्या वाट्याला आलं नाही, आणि गल्ली म्हणते, अल्लाची मर्जी. कसली मर्जी?

तुम्ही हे वाचताय ना? मग तुमच्या घरचं माणूस कमजोरी म्हणून खाटेवर आडवं झालं, की डॉक्टरचा हात धरा. आधी बोट टोचायला लावा, साखर बघा, मगच बाटली टांगू द्या. लोक हसतील. हसू द्या. उठू नका तिथून.