शुक्रवारी सकाळी सहा

मी मुळातच संशयी. पेट्रोल भरताना मीटरवरचं शून्य बघितल्याशिवाय नळीला हात लावू देत नाही. बायको भाजी संपली म्हणाली, तरी पातेल्याचं झाकण उचलून बघतो. घरात याची थट्टा होते. रांजणगावच्या कारखान्यात मात्र हाच स्वभाव कामी आला. मी टूलरूमला, म्हणजे साचे आणि अवजारं बनवणाऱ्या विभागात आहे. कारखान्यात पत्रा दाबून आकार देणाऱ्या एका मशीनवर, प्रेसवर, पत्र्याचा भाग अधूनमधून उलटा बसायचा आणि सगळा माल बाद व्हायचा. माणूस चुकणारच असं गृहीत धरून मी भंगारातल्या पोलादाचा एक छोटा अडसर बनवला. तो लावल्यावर भाग उलटा बसवायचा म्हटलं तरी बसेना.

अडसर माझा, पण दोन महिने तो प्रेसवर चालवून बघितला माझ्या दोस्तानं. तो दौंडचा, प्रेस ऑपरेटर, पंधरा वर्षं शिफ्टमध्ये मुरलेला. कंपनीच्या सुधारणा स्पर्धेसाठी आम्ही दोघांच्या नावानं फॉर्म भरला. बाहेरचे परीक्षक मशीनवर येऊन बघणार होते आणि समजावून मी सांगायचं, असं ठरलं. आजवर मी दुसऱ्यांच्या ड्रॉइंगवरच काम करत आलो होतो. एकदा तरी कुणी विचारावं, हे कुणी केलं, आणि मी म्हणावं, मी. एवढंच मला हवं होतं.

बुधवारी दोस्ताचा मेसेज आला. 'शुक्रवार, सकाळी ६, मशीनवर. इस्त्रीचा शर्ट घाल.' दिवसा लाइन थांबवत नाहीत, म्हणून पहाटेची वेळ दिली असणार. गुरुवारी कारखान्याला साप्ताहिक सुट्टी. दिवसभर मी घरी आरशासमोर बोलायची तालीम केली.

शुक्रवारी अंधारातच घरून, मांडवगणहून निघालो. पावणेसहाला पोचलो तर गेट बंद. वॉचमन मामा दात घासत होते.

"मामा, बाहेरचे पाहुणे आले का?"

"कसले पाहुणे? आत कुणी न्हाई. सुट्टी झाली ना काल, आता सातलाच उघडायचं." चूळ भरून ते आपणहून म्हणाले, "तुमचा दोस्त आलता की काल, इंजिनियर सायबांसंगं. पांढऱ्या गाडीतनं. चांगलं दोन तास आत व्हते."

माझं डोकं सणकलं. सुट्टीच्या दिवशी, इंजिनियर, पांढरी गाडी, दोन तास! म्हणजे पाहुणे कालच येऊन गेले, दोस्तानं सगळं श्रेय लाटलं आणि मला दुसऱ्या दिवशीची वेळ देऊन मोकळा झाला. इस्त्रीच्या शर्टाचं आठवून तर अंगाचा तिळपापड झाला. सात वाजेपर्यंतही थांबलो नाही. रजा टाकली आणि घरी परतलो. बायकोनं विचारलं, "झालं का?" म्हटलं, "पुढं ढकललंय."

दुपारी दोस्ताचा फोन आला. आता सारवासारव करणार, म्हणून घेतला नाही. पुन्हा आला. संध्याकाळी पुन्हा. शेवटी मी फोनच बंद करून टाकला आणि बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

शनिवारी भांडायच्या तयारीनं साडेआठला कामावर गेलो. फोरमननं मलाच गाठलं.

"कुठं होता तुम्ही? सहाला परीक्षक येऊन गेले."

"आज?"

"मग कधी?" त्यांनी फळ्याकडं बोट केलं. शुक्रवार, तिसरी शिफ्ट, सहा वाजता.

शिफ्टवाल्यांचा दिवस सकाळी सातला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सातला संपतो. शुक्रवारच्या तिसऱ्या पाळीतले सकाळचे सहा म्हणजे घरच्या कॅलेंडरवर शनिवार. मी कायम जनरल शिफ्टचा, साडेआठला येणारा. माझा शुक्रवार आपल्या सगळ्यांसारखाच.

फोरमन म्हणाले, दोस्तानं पाहुण्यांना वीस मिनिटं थांबवून धरलं. अडसरावरचं फडकंच काढू देईना. शेवटी त्यानं मशीन चालवून दाखवली, पण कोन कसा काढला, पोलाद हेच का, असं विचारल्यावर म्हणाला, ते ज्यानं बनवलं त्यालाच विचारा, तो येतोय. पाहुणे पुढच्या मशीनवर गेले. आमचा नंबर कसला लागतो.

संध्याकाळी काम सुटल्यावर मी दौंडला निघालो. खरं सांगायचं तर वाटेतसुद्धा संशय सुटला नव्हता. मेसेजमध्ये 'तिसरी शिफ्ट' हे दोन शब्द त्यानं मुद्दाम तर गाळले नसतील? आणि गुरुवारच्या त्या दोन तासांचं काय?

तो नुकताच झोपून उठला होता. मी त्याच्या चेहऱ्यावर राग शोधला, दिसला नाही. त्यानं चहा सांगितला. मी काही विचारायच्या आतच बोलायला लागला.

"गुरुवारी सायबांच्या मागं लागून मशीन उघडून घेतली. त्यांच्याच गाडीतनं गेलतो. सगळी पुसून काढली, तुझ्या अडसराला पिवळा रंग मारला. म्हटलं, लांबनं बी दिसला पायजे. आन् तूच न्हाई." मग थांबून म्हणाला, "फोन का बंद व्हता रं?"

त्याच्या बोटांना अजून पिवळा रंग होता. खरं सांगायला मी तोंड उघडलं.

"चार्जर बिघडलाय," मी म्हणालो.

"हात्तिच्या!" त्यानं कपाळावर हात मारला. "म्हंजी माझंच चुकलं. शुक्रवारी रातच्याला कामावर जाताना वाटेत तुझ्या घरी डोकावणार व्हतो. म्हटलं, कशाला, तू येणारच."

तो आत गेला आणि त्याच्या घरातला जादा चार्जर आणून त्यानं माझ्या हातात ठेवला.