हातसलामी

हंबीरराव मास्तरांनी जवानीत लाल मातीत अंग घासलं होतं. पुढं हायस्कुलात इंग्रजी शिकवायला लागले, तरी शब्दाच्या अर्थाला ते डावच म्हणायचे. 'रन' त्यांचा लाडका. "ह्याच्या पोटात पन्नास डाव हायत," म्हणायचे, आणि जोर-बैठका काढाव्यात तसे पोरांकडून घोकून घ्यायचे.

ते निवृत्त झाले त्या साली, चौऱ्याहत्तरला, अमीरबी शिकवणीला आली. नवरा गौस बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. लग्नसराई संपली की चूल थंड. तिला नर्सच्या ट्रेनिंगला जायचं होतं. मॅट्रिकच्या इंग्रजीत एकदा गचकलेली, आणि वयाची अट आड येणार होती.

"यंदा न्हाय तर कधीच न्हाय, गुरुजी."

तिनं 'रन' तोंडपाठ केला. पळणे, वाहणे, चालवणे, निवडणुकीला उभे राहणे. मास्तर खूश झाले. सहज विचारलं, "द टॅप इज रनिंग. म्हणजे?"

अमीरबी गडबडली. "नळ पळतोय."

"नळाला पाय फुटलं व्हय?" मास्तर गरजले.

तिनं मान खाली घातली. ती मान मास्तरांच्या ओळखीची होती. तालमीत खांबाशी एकट्यानं डाव घोटणारी पोरं समोर जिवंत माणूस आला की अशीच उभी राहायची. मास्तरांनी पुस्तक मिटून बाजूला सारलं.

"घोकणं बंद. मी इंग्रजीत बोलणार, तू उलटून बोलायचं."

"तुम्हाला उलटून? लोक काय म्हणतील?"

"कुस्तीआधी हातात हात देऊन हातसलामी झाली की वस्तादबी नुसता जोडीदार असतोय. पाया पडायचं ते आधी."

परक्या बाईच्या हातात हात देणं शोभणारं नव्हतं. मास्तरांनी टेबलाच्या अलीकडं थाप मारली, तिनं पलीकडं. आतून त्यांची बायको बयाबाई ओरडली, "कोण टेबल फोडतंय?"

सुरुवातीला अमीरबी रोज चीतपट व्हायची. एके दिवशी मास्तर डिवचून म्हणाले, "युवर हजबंड रन्स अ बँड."

"नो!" ती उसळली. "बँड रन्स माय हजबंड!"

मास्तरांना हसून हसून ठसका लागला. अमीरबीनं जीभ चावली, पण मान खाली घातली नाही.

निकालाच्या दिवशी ती पेढे घेऊन आली. काठावर पास.

"रनचा कुठला डाव पडला?"

"रन आलंच न्हाय की. 'टेक'चं एक वाक्य आलतं, कधी न बघितलेलं. मग शेजारचं शब्द बघितलं, कोण कुणाला काय करतंय, आणि भिडले."

"अर्थ काय होता?"

"अजून नीट ठाऊक न्हाय, गुरुजी. पण मार्क दिल्यात."

मास्तरांनी पेढा तोंडात घातला नाही. सगळं पाठ येऊनही पडलेल्या कितीतरी पोरांचे चेहरे त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले होते.

"बस, पोरी," ते म्हणाले. "ट्रेनिंग कधी सुरू होतंय, ते सांग."