फुलस्टॉप आला की खाली बसायचं

परवा परतूरच्या स्टेशनावर पूनमचंद भेटला. गाडी लेट होती, मंग काय विचारता! एक किस्सा काढला की त्याला धरून दुसरा येतो, अन् सगळे आमच्या करीमसाबांच्या इंग्रजीच्या वर्गातले. आम्ही दोघं म्हातारे हसून हसून खोकायला लागलो. गाडी आली तरी आमचं काही सरंना.

निजामाचं राज्य होतं तेव्हा. घरात मराठी, जालन्याच्या शाळेत सगळं उर्दूत, अन् वरून इंग्रजी! आम्ही अख्खा धडा एका दमात वाचून टाकायचो. करीमसाब वैतागले अन् त्यांनी वर्गाला कायदाच घालून दिला. कॉमा आला की श्वास घ्यायचा. फुलस्टॉप आला की वाचणाऱ्यानं खाली बसायचं, शेजारच्यानं उठून पुढचं वाक्य घ्यायचं. एकट्याला वाचायचं असलं तर त्यानंच बसायचं, त्यानंच उठायचं. बाकं खिळखिळी झाली, पण फुलस्टॉप बिलकुल कोणी विसरंना.

*

पूनमचंद म्हणजे जालन्याच्या मस्तगड मोहल्ल्यातल्या मारवाडी दुकानदाराचा नातू. अंगानं भरलेला, उठबस त्याच्या जिवावर यायची. एकदा दुकानात आजोबांनी त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवायला सांगितलं. मराठीच होतं, पण सवय लागलेली! गडी प्रत्येक वाक्याला गादीवर बसतोय, पुन्हा उठतोय. गिऱ्हाईकं सौदा सोडून बघत राह्यली.

संध्याकाळी आजोबांनी गुपचूप त्याच्या हातावर पोट साफ व्हायचं चूर्ण ठेवलं.

*

काशिनाथ केदारखेड्याचा. जालन्यात मावशीकडं राहून शिकायचा. पोरगं गरीब गाय, पण कायद्याला पक्कं.

एकदा तो वाचून राह्यला असताना हेडमास्तर वर्गात आले. आम्ही सगळे अदबीनं उभे राह्यलो. नेमकं तेव्हाच काशिनाथचं वाक्य संपलं अन् तो खाली बसला! हेडमास्तर लालबुंद. बसलास कसा म्हणून त्यांनी खडसावलं.

काशिनाथ उठला. "फुलस्टॉप आल्ता, साब," म्हणाला, अन् पुन्हा बसला.

*

पण खरा किस्सा इन्स्पेक्टरसाहेबांचा.

काशिनाथ आदल्या साली इंग्रजीत नापास झाल्ता. त्याच्या वडलांनी, आबांनी, बजावून ठेवलं होतं की औंदा तपासणीला येणाऱ्या साहेबानं बराबर म्हटलं तरच शाळा, न्हाईतर गावाकडं चल. त्या दिवशी आबा स्वतः बैलगाडी जुंपून आले अन् वर्गाच्या दारात उभे राह्यले. काशिनाथला शिकायचं होतं हो, लई शिकायचं होतं.

साहेबांनी नेमकं त्यालाच उठवलं अन् अख्खं पान एकट्यानं वाचायला सांगितलं.

झालं! काशिनाथ वाचतोय, बसतोय, उठतोय. बाक करकरतंय. हेडमास्तर घाम पुसताहेत, करीमसाब खाली बघताहेत. साहेब आधी चमकले, मंग पुस्तकात बोट ठेवून एकेक वाक्य तपासत गेले. पोरानं एक कॉमा सोडला न्हाई, एक फुलस्टॉप चुकवला न्हाई. पान संपलं तेव्हा सदरा घामानं पाठीला चिकटला होता.

साहेबांनी पुस्तक मिटलं अन् चष्मा काढून पुसायला लागले.

आबांना राहवलं न्हाई. ते आत आले, पागोटं सारखं केलं, हात जोडून ताठ उभे राह्यले.

"साहेब, पोराला ठेवू का घेऊन जाऊ?"

एवढं म्हणून ते जागच्या जागी, फरशीवर, खाली बसले.

वर्गात कोणी हसलं न्हाई. साहेबांनी करीमसाबांकडं पाहिलं, काशिनाथकडं पाहिलं. मंग ते खुर्चीतून उठले, कोटाची बटणं लावली.

"ठेवा," म्हणाले.

अन् खाली बसले.