काटा हलला का गं?

काल गाडीचा टेंपरेचरचा काटा पुन्हा झोपला. पान्यासाठी खण उघडला, तर पॉलिश पेपरचा एक जुना तुकडा हाती आला. त्याला अजून ग्रीसचा वास होता.

सत्त्याऐंशीचा उन्हाळा, मुलुंडचं आमचं कंपाउंड. तेव्हाही हाच काटा हलत नव्हता. मीटर तपासायची रीत सोपी. चावी फिरवून ठेवायची, इंजिनावरची तार काढून गाडीच्या पत्र्याला टेकवायची. मीटर ठीक असेल तर काटा लाल खुणेवर जातो. मी बॉनेटखाली होतो, काटा बघायला माझी बायको सुधा आत.

"हलला का गं?"

"नाही हो."

"नीट बघ ना! लक्ष कुठंय?"

"काट्याकडेच आहे. हलत नाही, तर मी हलवू का?"

वरच्या गॅलरीत कुणीतरी हसलं. मी चिडून वाकलो, तेव्हा दिसलं: तार मी रंगावरच टेकवत होतो. रंगातून करंट कसा जाणार? गुपचूप पॉलिश पेपरनं रंग घासला, तार पुन्हा टेकवली.

"हलला! अहो, हलला!"

"मघाशीच नीट बघितलं असतंस तर?" गॅलरीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मी म्हणालो.

पुढे कित्येक वर्षं ती पाहुण्यांना हसत सांगायची, "मला मेलीला साधा काटा बघता येत नाही." मी चहा पीत ऐकायचो. चूक माझी होती, हे शेवटपर्यंत सांगितलं नाही.

काल पत्रा स्वच्छ घासून तार टेकवली आणि तसाच उभा राहिलो. काटा हललाही असेल. आत बघायला कुणी नव्हतं.