साफ खडा मी उचलला

आईची तेरवी आटोपली त्या दुपारी ताईनं आईची डबी उघडली. आत पन्न्याचे टॉप्स. आईला लेकी दोनच, मी आणि ताई.

"एक तुले, एक मले," ताई म्हणाली. "अंगठी करून घेऊ. तुले जो पाहिजे तो आधी उचल."

इथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. लहानपणी तळ्यातले शिंगाडे वाटताना सगळे पोचट माझ्या ढिगात सरकवणारी ही बाई, आज म्हणते आधी तू उचल? मी दोन्ही खडे खिडकीशी धरून पाहिले. एक हिरवागार, आरपार साफ. दुसऱ्यात कोळ्यानं जाळं विणावं तशा रेघा, कडेला काळा ठिपका. मी साफ खडा उचलला. ताई हूं की चूं बोलली नाही. महिनाभर मला तेच खुपत राहिलं. जाळ्याचा खडा पदरात पडला आणि बाई इतकी गप्प? छे, यात काहीतरी गोम होती.

अंगठी करायला पवनीतल्या आमच्या सोनाराकडे गेले. त्यानं डोळ्याला भिंग लावलं, खडा फिरवून फिरवून पाहिला आणि टॉप माझ्याकडे सरकवला.

"बाई, काच आहे हे."

"काच? आई तर म्हणे जयपूरचा पन्ना!"

"जयपूरले खाण कुठं आहे जी? तिथं फक्त पैलू पाडतात. दगड झांबियाचा, कोलंबियाचा, कुठकुठचा येते. अन् जमिनीतून निघालेल्या पन्न्यात रेघा, जाळं राहतेच. कोणत्या खाणीतला, तेही जाणकार त्या जाळ्यावरून सांगतात. तुमच्या ह्याच्यात तर गोल बुडबुडा आहे. एवढा मोठा अन् एवढा साफ पन्ना आपल्याकडं कुठून येईन?"

माझं डोकंच फिरलं. म्हणजे हिनं मला बरोबर गंडवलं! की खरा खडा आधीच काढून घेतला आणि मग काच बसवली? एसटीत ताईच्या गावापर्यंत, कोंढ्यापर्यंत, मी मनातल्या मनात तिचे वाभाडे काढत होते.

ताई ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. मी टॉप सरळ तिच्या सुपात टाकला.

"काच आहे हे! तुले मालूम होतं का नव्हतं?"

"होतं."

असं सरळ उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. मीच गडबडले. "मंग काहून नाही सांगितलं?"

तिनं टॉप तांदळातून उचलला, पदराला पुसला. "तुया लग्नात तूच घातले होते ना हे? मांडवपरतणीले आली तं याच्यातला खडा गायब. तुले पत्ताच नव्हता. आईनं पाह्यलं अन् चूप बसली. जोडीचा पन्ना लय शोधला तिनं, तसा रंग कुठंच नाही भेटला, मंग काच बसवली. मले म्हणे, लहानीले सांगू नको, जीवाले लावून घेईन."

"पण मी उचलला तेव्हा तरी..."

"तेव्हा काय सांगू? तो खोटा आहे, हा जाळ्याचा घे? तुले वाटलं असतं, साफवाला मी लाटून राहिली."

अगदी हेच वाटलं असतं.

ती आत गेली आणि दुसरा टॉप आणून तिनं माझ्या हातावर ठेवला. "घे. अंगठी केलीच नाही मी. तू येशीन म्हणून तसाच ठेवला होता."

मला इतकी लाज वाटली की डोळे भरून आले. आणि तरी, खोटं कशाला सांगू, माझा हात आपोआप अंगणातल्या उजेडाकडे गेला. रेघा आहेत ना, काळा ठिपका तोच आहे ना, मी पाहू लागले.

ताईनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"पाह्य नीट," ती म्हणाली. "अन् जाता जाता सोनारालेही दाखवजो."