हिऱ्यांचा हार आणि माझी झडती

दसऱ्याला राजवाड्यातला हिऱ्यांचा हार काचेच्या कपाटातनं बाहेर निघतो. आईसाहेब तो घालून लोकांकडनं आपट्याचं सोनं घेतात. संध्याकाळी हार परत आत गेला की आम्हा पहारेकऱ्यांची झडती होते. माझा तर फेटासुद्धा सोडून बघतात. मला ते फार आवडतं. मी एवढं मोठं काही चोरू शकीन, असं दुसऱ्या कुणालाच वाटत नाही. बायको म्हणते, तुम्हाला घरातला साखरेचा डबा सापडत नाही.

यंदा कारभारी म्हणाले, "जावा मामा घरी."

"फेटा सोडू का?"

"ऱ्हाऊ द्या. तुमची कसली झडती."

तिथंच माझ्या मनात किडा वळवळला. हार पणजोबा महाराजांनी घडवलेला, राण्यांमागून राण्यांनी घातलेला. उन्हाळ्यात तो डागडुजीला म्हणून मुंबईला गेला. परत आला तो तोच कशावरनं? मला अडाण्याला काच आणि हिरा सारखाच चकाकतो. मला हिरा कळतो तो झडतीवरनं. खोट्यासाठी कोण कुणाचा फेटा सोडतंय?

नाहीतर हार खराच असंल, आणि चोर म्हणून मीच आता खोटा पडलो असंन. पण काच असली तर उन्हाळ्यापासनं मी राखलं काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी राजवाडा बघायला आलेली एक पाहुणी कपाटाला नाक लावून उभी होती. एरवी मी असा खेकसतो की पोरं रडायला लागतात. आज जवळ गेलो आणि हळूच विचारलं, "ताई, तुम्हाला खरा वाटतोय का हो?"