गांधीलमाशीचे तीन भोंगे

गेशेकाकूंचं लग्न एका जहाजाला शिव्या घालताना जमलं, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्या वर राहतात, आम्ही खाली, आणि मधली लाकडी तक्तपोशी इतकी पातळ की काकूंचा आवाज मला आता त्यांच्यापेक्षा बरा काढता येतो.

तेव्हा त्या जेमतेम विशीच्या. ओहोटी लागली की याडेच्या खाडीतल्या चिखलावर घसरगाडी ढकलत जायचं आणि रोवून ठेवलेल्या टोपल्यांतली कोलंबी काढून आणायची, हा घरचा धंदा. एका सकाळी बघतात तर टोपल्यांच्या रांगेवर आरमाराची तोफनौका बसलेली. नाव गांधीलमाशी. असल्या नौका बांधल्याच होत्या त्यासाठी. बूड सपाट, अंगावर जाड लोखंडी चिलखत, पुढे एकच अजस्र तोफ. भरतीबरोबर यायचं, चिखलावर टेकायचं, पाणी ओसरलं की नौकेचा किल्ला होतो. मग शत्रूची वाट बघायची.

काकू अनवाणी, चिखल तुडवत थेट युद्धनौकेपर्यंत चालत गेल्या आणि रिकाम्या टोपलीने चिलखत बडवायला लागल्या.

"कोण आहे आत? उठवा तुमची ही गाय माझ्या टोपल्यांवरून."

वरून कोळशाने माखलेलं एक तोंड डोकावलं. "ती आमचं ऐकत नाही. भरती आली की उठेल."

"तोवर मी काय करू?"

"भांडत राहा. इथे दुसरं काही घडतच नाही."

ते फोके ओन्केन, बॉयलरवरचे आगवाले.

खरोखरच काही घडलं नाही. शत्रू आलाच नाही. भर समुद्रात नेली तर गांधीलमाशी इतकी लोळायची की कप्तानसुद्धा बादली धरून बसायचा. मग मोठ्या, नव्या नौका आल्या आणि हिला मागच्या धक्क्याला बांधून ठेवली. शेवटी तोफ उतरवून तिथे ओझी उचलायची वाफेची यारी बसवली. फोकेकाका आगवालेच राहिले. वर्दी गेली, पण बॉयलर सुटला नाही. या हिवाळ्यात छातीने दगा दिला आणि ते गेले.

आमच्याकडे माजी सैनिक गेला की सैनिकांचं मंडळ बँड आणि निशाण घेऊन येतं. पेटी खाली सोडताना बंदुकांच्या तीन फैरी झडतात, तिसऱ्या फैरीला निशाण झुकतं. अंथरुणावर पडल्या पडल्या काकांनी तेवढंच मागितलं होतं आणि काकूंनी शब्द दिला होता.

मंडळाचे अध्यक्ष लुबर्स बेकरीवाले काकूंना भेटायला आले. बोलण्याआधी ते असं खाकरतात की वाटावं, घशात कोणी टेबल सरकवतंय.

"ह्म्म. ओन्केनबाई, बँड येईल. निशाण येईल. फैरी मात्र, ह्म्म, नियम आहे. ज्याने लढाई बघितली त्यालाच."

"ते तयार बसले होते, लुबर्ससाहेब. कोणी आलंच नाही."

"तेच म्हणतोय मी. चिखलात बसण्याला कोणी युद्ध म्हणत नाही."

"दारात कुत्रा बघून चोर परत गेला, तर तुम्ही कुत्र्याला आळशी म्हणता का?"

"बाई, नियम तो नियम."

"बरं, फ्रेंचांशी युद्ध झालं तेव्हा तुम्ही मेट्सच्या वेढ्यात काय केलंत?"

"मी, ह्म्म, सैन्याची भट्टी सांभाळली."

"म्हणजे पाव भाजलेत. माझा नवराही भट्टीच सांभाळत होता. तुमच्या भट्टीने किती फ्रेंच मेले?"

चहा ओतणाऱ्या माझ्या आईला ठसका लागला. लुबर्सनी टोपी उचलली. "फैरी नाहीत."

"ठेवा तुमच्या बंदुका तुमच्याजवळ," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन गांधीलमाशीवरच्या यारीपाशी गेल्या. काकांच्या जागी आता हिनर्क होता. तो पाइप दातांत धरून बोलतो, त्यामुळे अर्धे शब्द धुरातच राहतात.

"हिनर्क, पुरायच्या वेळी चर्चची घंटा वाजली की भोंगा द्यायचा. तीनदा."

"नोकरी जाईल की, काकू. पोरंबाळं आहेत."

"मग त्या वेळी तू तंबाखू आणायला जा. दोरी कुठली, तेवढं दाखव."

पाइप तोंडातून निघाला. "तुम्ही? आणि तिकडे त्यांच्यापाशी कोण?"

"तिकडे अख्खं गाव असेल. इथे कोण आहे?"

दफनाला सगळे जमले आणि विधवाच नाही. बायकांची कुजबुज सुरू झाली. पाद्रीबाबा फाटकाकडे बघत प्रार्थना लांबवत होते. "ह्म्म," लुबर्स म्हणाले, "शोभतं का हे?" शेवटी घंटा वाजली, पेटी दोरांवरून खाली जायला लागली.

आणि बंदराकडून भोंगा आला. घोगरा, लांबलचक. माना वळल्या. दुसरा आला तेव्हा लुबर्सना उमगलं आणि ते बिटासारखे लाल झाले. तिसऱ्याला निशाणवाल्या टोन्येसआजोबांचं मनगट आपोआप वळलं आणि निशाण झुकलं. मागे म्हाताऱ्यांच्या टाचा खटकन जुळल्या.

"वर घे," लुबर्स दातांतून म्हणाले, "वर घे ते."

"तिसरा झाला ना, अध्यक्ष," टोन्येसआजोबा म्हणाले. "तिसऱ्याला खालीच जातं."

लुबर्सचा स्वतःचा हात टोपीपाशी पोचला होता. तो त्यांनी सावकाश खाली घेतला.

सगळे अजून तिथेच होते, तेव्हा काकू बांधावरून चालत आल्या. काळ्या पोशाखावर काजळी दिसत नाही, पण नाक सगळं काळं होतं. त्यांनी वाकून पेटीवर माती टाकली.

"ओन्केनबाई," लुबर्स म्हणाले, "ह्म्म, मला गोदीकडे तक्रार करावी लागेल."

"करा. नाव नीट सांगा," काकू हात झटकत म्हणाल्या. "गेशे ओन्केन, गांधीलमाशीवरची."